ठोके पडले की बंद

१

थंड इंजिनाचा रोग लई हट्टी. दिवसातनं एकदाच दर्शन देतोय, तेबी सकाळी दीड मिनिट. एकदा का इंजिन तापलं की गाडी अशी शहाण्यासारखी चालते, की गिऱ्हाइकाला वाटतं मिस्त्री चुना लावतोय आणि मिस्त्रीला वाटतं गिऱ्हाइकाचं डोकं फिरलंय. मग परत रात्रभर गार होऊ द्यायची, परत सकाळ, परत दीड मिनिट. माणसानं धीर धरायचा आणि कान उघडा ठेवायचा.

मी आकाराम. मंगळवार पेठेत एकतीस वर्सं माझं ग्यारेज हाय. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची, की आतला कुठला भाग काय रडतोय ते मला कळतं. पेठेतली माणसं म्हणतात, आकारामला हात कमी आणि कान जास्त दिलाय देवानं. म्हणू देत की.

डिसेंबरातल्या सोमवारी संध्याकाळी अनुजा तिची छोटी पांढरी गाडी घेऊन आली. अनुजा आमच्याच गल्लीतली पोरगी, पेठ वडगावला शाळेत शिकवते. तिच्या आबांच्या, म्हणजे बाळासोंच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी साडेसहाला डायलिसिस. घरात दोघंच, तिसरं कोण न्हाय.

"मामा, सकाळी चालू केली की थरथरती," अनुजा म्हणाली. "सिग्नलला उभी केली की बंदच पडती. परवा शनिवारी उड्डाणपुलावर बंद पडली. मागं उसाचे दोन ट्रॅक्टर हॉर्न मारतायत, आणि आबा आत कुडकुडतायत. पोचायला तास उशीर झाला. त्या दिवशी त्यांना धाप लागलेली मी बघितली."

"दुसरीकडं कुठं दाखवलीस?"

"मोठ्या वर्कशॉपात. त्यांनी कॉम्प्युटर लावला. म्हणाले, काहीच दाखवत नाही."

"कॉम्प्युटरला थंडी वाजत न्हाय, बाई. तो काय दाखवतोय?"

ती हसली, पण डोळ्यांखाली काळं आलतं. म्हणाली, "मामा, या मंगळवार-गुरुवारला रिक्षा ठरवलीया. पण आबांची कंबर रिक्षात टिकत नाही. शनिवारी मला गाडी पाहिजेच."

मी म्हटलं, "शनिवारी पहाटं गाडी तुझ्या दारात उभी असंल. आकारामचा शब्द."

शब्द द्यायची मला खोड हाय. बायको म्हणायची, शब्द द्यायला काय जातंय तुमचं, जीव जातो माझा. 

२

माझ्या ग्यारेजाच्या भिंतीला लागूनच फॅब्रिकेशनचं दुकान हाय. तिथं ग्राइंडर चालू झाला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत न्हाय. म्हणून मी आणि माझा जोडीदार कृष्णात, आम्ही पान्याची भाषा काढलेली. एकजण गाडीखाली, एकजण किल्लीला. खालच्यानं चेसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, चौदाच्या पान्यानं एक ठोका मारला की गाडी चालू करायची. दोन मारले की बंद करायची.

आणि त्यात एक नियम. दोन ठोके पडले की आधी किल्ली फिरवायची, मग काय झालं ते विचारायचं. आधी बंद, मग चौकशी. नियम मीच घातलेला. कृष्णातनं एकदा "का ओ?" म्हणून आधी विचारलं, तर मी खालनं बाहेर येऊन त्याच्या कानाखाली वाजवली होती. खालच्याचा जीव वरच्याच्या किल्लीत आसतोय, हे त्याला त्या दिवशी कळलं.

दोन वर्सांमागं कृष्णात कबनूरला गेला, सासऱ्याच्या यंत्रमागांची दुरुस्ती बघायला. तेव्हापासनं खालीबी मीच आणि किल्लीलाबी मीच. त्यामुळं मला एक सवय लागलीया. दार उघडं ठेवायचं, डावा पाय आत क्लचवर, उजवा बाहेर जमिनीवर, असं अर्धं वाकून किल्ली मारायची. कान बॉनेटकडं.

सोमवारी रात्री गाडीचं नाक भिंतीकडं करून पुढची चाकं लोखंडी रॅम्पवर चढवली. मंगळवारी सकाळी सव्वासहाला पहिली किल्ली मारली. अनुजा म्हणाली होती तसंच. गाडी हुडहुडी भरल्यागत हलाय लागली, आरपीएमचा काटा खाली खाली जायचा, मरता मरता वर यायचा. प्लग काढून बघितले, स्वच्छ. कॉइल बदलून बघितल्या. तोवर दीड मिनिट संपलं, गाडी शहाणी झाली.

बुधवारी सकाळी बुटाची नाडी तुटली. घाईत होतो. खाली वायरिंगचा लाल तुकडा पडलेला, तोच ओवला आणि गाठ मारली. उजव्या बुटाला लाल वायर. मला बघून कोणबी हसलं असतं, पण सव्वासहाला हसायला होतं कोण?

किल्ली मारली. गाडी हलाय लागली. चाळीसेक सेकंद झाली असतील, आणि गाडीच्या खालनं आवाज आला.

दोन ठोके. पहिला खणखणीत. दुसरा दबका.

मी किल्लीवर हात ठेवून तसाच उभा. शेजारचं दुकान बंद, नऊला उघडतंय. रस्त्यावर कोण न्हाय. तेवढ्यात परत. दोन. पहिला खणखणीत, दुसरा दबका.

मी गुडघा टेकला आणि वाकून गाडीखाली बघितलं. रॅम्पचे पाय, तेलाचा डाग, आणि मधोमध पसरलेलं पोतं. मी खाली झोपायला वापरतो ते. बाकी मोकळं.

"कोण न्हाय," मी मोठ्यानं म्हणालो. स्वतःलाच सांगितलं म्हणा.

आत बसलो, दार ओढलं. इंजिन तापाय लागलंच होतं, म्हटलं रंकाळ्यापर्यंत फेरी मारून येऊ, चालत्या गाडीत काय कळतंय का बघू. रिव्हर्स टाकला. हा गिअर पडताना या गाडीचा एक कट्ट असा आवाज येतोय. पुढची चाकं रॅम्पवरनं उतरली आणि खाली काहीतरी लागलं. दगडावर आपटल्यागत न्हाय. भरल्या पोत्यावर काही ठेवल्यागत. गाडी जरा अडली, मग उतरली.

मी उतरून बघितलं. खाली काय न्हाय. पोतंबी न्हाय. पोतं घडी करून खिळ्याला टांगलेलं, जिथं रोज आसतंय तिथंच.

३

मी देवभोळा माणूस न्हाय. आवाज झाला म्हणजे कुठलंतरी लोखंड कशालातरी लागलंय. हिशेब साधा.

दिवसभर तेच केलं. सायलेन्सरवरचा पत्रा हातानं हलवून बघितला, घट्ट. इंजिन ज्या रबरांवर बसतंय ती बघितली, चांगली. इंजिनाच्या पोटावर ओरखडा हाय का बघितला, न्हाय. धूळसुद्धा पुसलेली न्हवती. रॅम्प आपटून बघितले. कुठनंबी तसा आवाज निघंना. आणि पोत्याचं काय? म्हटलं, डोळ्यांचा भास. वय झालं. अंधार होता. असं म्हणून मी त्या पोत्याकडं पाठ केली, पण दिवसभर मला ते मागं टांगलेलं हाय हे ठाऊक होतं.

दुपारी कृष्णातला फोन लावला. मागं यंत्रमागांचा खडखडाट.

"मिस्त्री! आज कशी काय आठवण?"

"तू आलतास का रं सकाळी हिकडं? खरं सांग. चेष्टा करायला?"

"मी? सहाला मी झोपलेलो की ओ. का?"

मी सांगितलं. मला वाटलं तो हसंल. तो हसला न्हाय. चालत चालत मागांपासनं लांब गेला असावा, कारण आवाज कमी झाला.

"मग बंद केलासा का?" त्यानं विचारलं.

"काय?"

"गाडी. दोन ठोके पडल्यावर किल्ली बंद केलीसा का न्हाय?"

"खाली कोण न्हवतंच तर बंद कशाला करू? बघितलं की वाकून."

"आधी बघितलंसा?"

मला राग आला. "कृष्णात, मला शिकवू नगंस."

"मी कुठं शिकवतोय? तुमचाच नियम हाय ओ. माझा कान अजून दुखतोय त्या नियमानं." मग जरा थांबून म्हणाला, "ठोका कसा होता?"

"पहिला खणखणीत, दुसरा दबका. डावखुऱ्या माणसानं अडचणीत मारल्यागत."

"आपल्यात डावखुरा कोण न्हाय."

"तेच की."

"शुक्रवारी येऊ काय मी?"

"तुझे माग सांभाळ," मी म्हणालो आणि फोन ठेवला. एका ठोक्यासाठी कबनूरवरनं माणूस बोलवायचा म्हणजे पेठेत हसं. कोल्हापूरच्या माणसाला एकवेळ जेवायला न्हाय मिळालं तर चालंल, हसं झालेलं चालत न्हाय.

४

गुरुवारी सकाळी मी ठरवूनच आलो. गाडी परत रॅम्पवर, रात्रभर गार. आज ठोके पडले तर आधी बंद, मग चौकशी. किल्लीवरनं हात काढायचाच न्हाय. पोतं खिळ्याला हाय हे दोनदा बघितलं. मागच्या दिवसाची चूक आज दुरुस्त करायची, असं खरंच मनात होतं.

किल्ली मारली. गाडी हलाय लागली. मी तीस मोजले, चाळीस मोजले, साठ मोजले.

काय न्हाय. खाली निव्वळ शांत.

मला बरं वाटाय पाहिजे होतं. पण एकदा विचारून गेलेला माणूस दुसऱ्यांदा विचाराय येत न्हाय, तसं वाटलं. मग स्वतःलाच शिव्या घातल्या, म्हटलं आकाराम, तुला गाडी दुरुस्त करायचीया. तिकडं बाळासो आत्ता रिक्षात कंबर धरून बसले असतील. 

उरलेल्या वेळात स्क्रूड्रायव्हर इंजिनाला लावला आणि मूठ कानाला. आणि सापडलं! इंजिनाच्या मागच्या बाजूला, खाली, बारीक फुसफुस. कुकरची शिट्टी नीट बसली न्हाई की येतंय तसं. कुठनंतरी हवा चोरून आत जात होती. थंडीत रबर आकसतंय, भेग उघडती. तापलं की रबर फुगतंय, भेग मिटती. कॉम्प्युटरला कसं कळायचं ते?

पण ती जागा वरनं दिसत न्हाय, हातबी पोचत न्हाय. खालनंच जावं लागतंय, तेबी इंजिन गार असताना, चालू असताना. म्हणजे दोन माणसं पाहिजेत. एक खाली आणि एक किल्लीला.

संध्याकाळी नव्या काळ्या नाड्या आणल्या आणि बुटात घातल्या. लाल वायर कचऱ्यात टाकली. का कुणास ठाऊक, टाकताना जरा बरं वाटलं.

५

कृष्णातला बोलवायला हवं होतं. पण आदल्या दिवशी तोंड वर करून नको म्हणालेलो. आता कुठल्या तोंडानं बोलवू? म्हणून अनुजाला म्हटलं. शुक्रवारी डायलिसिस न्हवतं, शाळा अकराची.

ती सहाला आली. अंगात आबांचा जुना स्वेटर, पायात पिवळ्या पट्ट्यांच्या चपला. थर्मासमधनं चहा आणलेला.

"आबा म्हणाले, आकारामला म्हणावं उद्याच्यासाठी मी दाढी करून बसतोय."

"करू देत की. उद्या ऐटीत जातील."

मी तिला किल्लीला उभी केली आणि नियम सांगितला. एक ठोका, चालू. दोन ठोके, बंद.

"आणि दोन पडले की आधी बंद करायची. मला हाक मारायची न्हाय, वाकून बघायचं न्हाय. आधी बंद, मग चौकशी. म्हण."

"आधी बंद, मग चौकशी," ती शाळेतल्या पोरासारखी म्हणाली. "मामा, एवढं कशाला घाबरवताय?"

"घाबरवत न्हाय. शिकवतोय."

गाडी न्यूट्रलला टाकली, हँडब्रेक ओढला. मागच्या चाकांमागं लाकडी ठोकळे लावले. हात फिरवून बघितले, पक्के. मग खिळ्यावरचं पोतं काढलं. गाडीखाली मधोमध पसरलं, आणि पसरल्यावर तसाच बसून राहिलो. बुधवारी जसं दिसलं होतं तसंच दिसत होतं. तीच चुणी, तोच फाटका कोपरा उजवीकडं.

"काय झालं मामा?"

"काय न्हाय. पोतं ते पोतं," मी म्हणालो. शुक्रवार उजाडलाय, शनिवारचा शब्द दिलाय, आणि मी पोत्याला भ्यायचं? पुढच्या बाजूनं पाठीवर आत सरकलो. खाली जाताना हातातलं कडं काढून खिशात टाकायची माझी एकतीस वर्सांची सवय. त्या दिवशी विसरलो.

६

एक ठोका मारला. उजव्या हातानं, खणखणीत. अनुजानं लगेच किल्ली मारली. हुशार पोरगी.

इंजिन माझ्या तोंडावर थरथराय लागलं. उजेडाला बारकी बॅटरी दातात धरली आणि उजवा हात वर घातला, लोखंडाच्या मधनं, कोपरापर्यंत. फुसफुस बोटाला लागली. अंगठ्याएवढा रबरी पाइप, वळतो तिथं आतल्या अंगाला भाताच्या दाण्याएवढी भेग. बोट दाबलं.

इंजिन गप्प झालं. म्हणजे बंद न्हवं, शांत. एकसारखं. काय सांगू तुम्हाला, एकतीस वर्सं हे काम करतोय, तरी त्या वेळी डोळ्यांत पाणी आलं. दहा मिनिटांचं काम! एवढासा पाइप! उद्या बाळासो दाढी करून मागं बसतील आणि उड्डाणपुलावर गाडी अशी जाईल.

बोट काढलं, परत थरथर. आता हात बाहेर ओढला, तर येईना. कडं कशाततरी अडकलं होतं. फिरवलं, दाबलं, ओढलं. मनगट सोलून निघालं. इंजिन तापाय लागलं होतं, लोखंडाचा चटका बसत होता. म्हटलं, आधी बंद करू, मग निवांत काढू.

पाना डाव्या हातात घेतला. वर जागा न्हवती, कोपर रॅम्पला लागत होतं. चेसीवर दोन मारले.

पहिला खणखणीत. दुसरा दबका.

तो आवाज माझ्या कानानं ऐकला आणि तो कुठं ऐकलाय ते मला त्याच क्षणी कळलं.

गाडी बंद झाली न्हाय.

"अनुजा!" मी ओरडलो. बॅटरी तोंडातनं पडली. "अनुजा, बंद कर!" परत मारले. दोन. पहिला खणखणीत, दुसरा दबका.

मान उजवीकडं वळवली. उघड्या दाराखाली पिवळ्या पट्ट्यांच्या चपला न्हवत्या. एकच पाय जमिनीवर होता. उजवा. त्यात बूट, आणि बुटाला लाल वायरची गाठ.

मान मागं टाकून मागच्या चाकांकडं बघितलं. ठोकळे न्हवते.

तो बूट वळला. जमिनीवर गुडघा टेकला. मग हात, मग खांदा, मग तोंड खाली आलं. दोन दिवसांची दाढी वाढलेली. कपाळाला ग्रीस. आरशात रोज बघतो ते. डोळे पोत्यावर आले, रॅम्पच्या पायांवर गेले, तेलाच्या डागावर गेले, परत पोत्यावर आले. माझ्या डोळ्यांवरनं फिरून गेले, पण कुठं थांबले न्हाईत.

"आधी बंद!" मी ओरडलो. "आकाराम, आधी बंद कर, मग बघ! नियम तुझाच हाय!"

तो जरा थांबला. मला वाटलं, ऐकलं. ऐकलंच असणार, कान चांगला हाय त्याचा.

"कोण न्हाय," तो म्हणाला.

तोंड वर गेलं. गुडघा उचलला. बूट आत गेला आणि दार लागलं.

हात अजून वर अडकलाय. बोटाला ती भेग लागतीया, मी परत दाबून धरलीया, त्यामुळं इंजिन एकदम शांत चाललंय. भेग कुठं हाय ते अजून मी कुणालाच सांगितलेलं न्हाय. अनुजा कुठं हाय मला ठाऊक न्हाय. उद्या शनिवार.

वर कट्ट असा आवाज झाला. रिव्हर्स पडला.